गर्भवतीला विचारावयाचा एक प्रश्न

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आपल्या संपादक मंडळाचा आग्रह दर वर्षी असतो आणि दर वर्षी रुग्णांच्या गर्दीची सबब पुढे करून मी तो टाळीत आलो आहे. यंदा टाळला नाही. त्याला कारण मार्च २०२४ मधील एक भेट.

इंदूरमधील एक निवृत्त बालवाडी शिक्षिका आपल्या सुनेला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. सुनेला तिसरा महिना होता. तपासणी झाली, सर्व काही व्यवस्थित होते. सून बाहेर जाऊन बसली, पण बाई खुर्चीवरून उठेनात. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एक विचारायचे राहून गेले आहे. अठ्ठावीस वर्षे झाली. माझ्या त्या दुसऱ्या बाळाला नक्की काय झाले होते हो?"

मला सारे आठवत होते. यशाच्या शंभर केसेस माणूस विसरतो, अशी एक विसरत नाही.

डिसेंबर १९९५ मध्ये त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना पंधरावा आठवडा चालू होता. दोन्ही मनगटे आणि बोटांचे सांधे सुजले होते. सकाळी वेणी घालता येत नाही, वर्गात हातात खडू धरवत नाही, ही तक्रार. ताप येऊन गेला होता, तोही नावापुरता. जाता जाता त्यांनी सांगितले की घरी पाच वर्षांच्या थोरल्या मुलाचे गाल मध्यंतरी लाल झाले होते, मग दंडांवर आणि मांड्यांवर जाळीसारखे पुरळ उठले होते आणि बालवाडीतील चार-पाच मुलांनाही तसेच झाले होते. सासूबाईंनी ती 'छोटी माता' ठरवून उंबऱ्याला कडुलिंब लावला होता. मी हे सारे ऐकले आणि त्यातले काहीही केसपेपरवर लिहिले नाही. व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या, महिन्याने या, असे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलाविले.

महिन्याने त्या आल्या. बाळाच्या पोटात पाणी, छातीत पाणी, कातडीखाली सूज, हृदयाचा आकार वाढलेला. ज्याला आपण हायड्रॉप्स म्हणतो तो पूर्ण स्वरूपात समोर होता. आईचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, म्हणजे आर.एच.चा प्रश्न नाही. मग माझ्या पिढीतील कोणीही जे केले असते तेच मी केले, 'टॉर्च'साठी रक्त मुंबईला पाठविले. अहवाल येण्यापूर्वीच बाळाचे ठोके थांबले. अहवाल आला तेव्हा त्यात काहीच नव्हते.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, सूर्यग्रहण झाले होते. ग्रहणाच्या वेळात सुनेने सुरी हातात घेऊन भाजी चिरली, हे सासूबाईंच्या पक्के लक्षात होते. माझ्या प्रसूतिगृहातील खोलीत, चार नातेवाइकांसमोर, त्यांनी ते बोलून दाखविले. सुनेने माझ्याकडे पाहून विचारले, "तसे असते का हो?" मी म्हणालो, "नाही." मग कशामुळे, याचे उत्तर मात्र मजपाशी नव्हते. कारण न देता येणाऱ्या डॉक्टरचे 'नाही' आणि कारण देणाऱ्या सासूबाईंचे 'होय', या दोहोंपैकी घरात कशाला वजन येते, हे वाचकांना निराळे सांगावयास नको.

आज मागे वळून पाहताना वाटते की उत्तर त्याही वेळी उपलब्ध होते. मीच ते वाचलेले नव्हते.

लंडन येथे १९७५ मध्ये इव्हॉन कोसार्ट आणि त्यांचे सहकारी रक्तदात्यांच्या रक्तात काविळीचा विषाणू शोधीत असताना एका नमुन्यात भलताच विषाणू सापडला. नमुन्यांच्या 'बी' संचातील तो एकोणिसावा, म्हणून 'बी-१९'. पुढे सहा वर्षे हा विषाणू करतो तरी काय, हे कोणाला सांगता येत नव्हते. १९८१ मध्ये सिकल सेलच्या रुग्णांत अचानक रक्त बनणे थांबते त्यामागे हाच असल्याचे दिसले, १९८३ मध्ये मुलांच्या 'पाचव्या रोगा'शी त्याचा संबंध जुळला, आणि १९८४ मध्ये हायड्रॉप्स होऊन दगावलेल्या गर्भांत तो सापडल्याचे प्रसिद्ध झाले. गोवर, स्कार्लेट फीव्हर, रुबेला अशी पुरळ उठणाऱ्या बालरोगांची जी जुनी यादी होती तीत याचा क्रमांक पाचवा, एवढाच त्या नावाचा अर्थ. १९९० मध्ये ब्रिटनमधील एका गटाने गरोदरपणात हा संसर्ग झालेल्या १९० स्त्रियांचा पाठपुरावा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे बाई माझ्याकडे सुजलेली मनगटे घेऊन आल्या त्याच्या पाच वर्षे आधी.

(येथे एक खुलासा. ज्यांच्या घरी कुत्रा आहे असे लोक 'पार्व्हो' हा शब्द ऐकताच दचकतात. कुत्र्यांचा पार्व्हो निराळा. तो माणसाला होत नाही आणि माणसाचा कुत्र्याला होत नाही. गर्भवतीच्या घरातून बिचाऱ्या कुत्र्याची हकालपट्टी करण्याचे काहीएक प्रयोजन नाही.)

हा विषाणू गर्भालाच का इतका जड जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. तांबड्या पेशी ज्या मूळ पेशींपासून तयार होतात त्यांतच तो शिरतो आणि त्या नष्ट करतो. निरोगी प्रौढ माणसाच्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकतात. त्यामुळे आठ-दहा दिवस कारखाना बंद राहिला तरी जुन्या मालावर निभावते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. गर्भाच्या पेशींचे आयुष्य याहून पुष्कळ कमी आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात तर त्याची रक्ताची गरज झपाट्याने वाढत असते. नेमक्या त्या वेळी उत्पादन थांबले की तीव्र रक्तक्षय होतो, हृदयावर ताण पडतो, आणि जेथे जागा मिळेल तेथे पाणी साठते. विषाणू गर्भाच्या हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकतो. आईला मात्र या सगळ्याचा पत्ता नसतो. तिला फार तर चार दिवस सांधे दुखल्याचे आठवते आणि सुमारे चतुर्थांश लोकांना तर तेवढेही होत नाही.

आपल्याकडे हा रोग ओळखला जात नाही याची कारणे मी पुष्कळ वेळा मनाशी मांडून पाहिली आहेत. एक तर पाठ्यपुस्तकांत 'थप्पड मारल्यासारखे गाल' असे वर्णन असते, ते गोऱ्या कातडीवरचे. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या मुलांच्या गालांवर तो लालपणा दिसतोच असे नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. या रोगाला मराठीत नावच नाही. गोवर, कांजिण्या, गालगुंड, डांग्या खोकला या प्रत्येकाला नाव आहे, म्हणून आई दवाखान्यात येऊन ते नाव घेते. ज्याला नाव नाही त्याबद्दल ती काय सांगणार? ती म्हणते, "पुरळ आले होते, गेले." आणि आपण पुढे जातो. माळव्यात तर प्रत्येक पुरळ ही 'माता'च. फेब्रुवारी २०१७ पासून गोवर-रुबेलाची लस देशभर टप्प्याटप्प्याने आली, ही फार मोठी गोष्ट झाली. आता ताप आणि पुरळ आलेल्या मुलाचे रक्त तपासले जाते आणि ते गोवर नव्हे, रुबेलाही नव्हे, असे ठरले की फाईल बंद होते. त्या बंद फायलींत पार्व्होचा वाटा असतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. लसीमुळे पहिले दोन जसजसे मागे हटतील तसतसा हा तिसरा ठळक होत जाणार. याला लस नाही आणि आपल्या देशात त्याची नोंद करण्याचे बंधनही कोणावर नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे येतो. तो आपल्या व्यवसायबंधूंना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.

'टॉर्च' हे संक्षिप्त नाव १९७१ मध्ये अमेरिकेतील आंद्रे नहमियास आणि सहकाऱ्यांनी रूढ केले. गर्भावस्थेत व जन्माच्या सुमारास होणारे काही संसर्ग एकत्र लक्षात राहावेत, हा हेतू. लक्षात ठेवण्याच्या त्या युक्तीचे आपण 'पॅकेज' करून टाकले. एक गर्भपात झाला, टॉर्च. दोन झाले, पुन्हा टॉर्च. काहीही झालेले नसताना पहिल्याच भेटीत टॉर्च. वस्तुतः वारंवार होणाऱ्या गर्भपातांत या तपासणीचा उपयोग नाही, ती सोडून द्यावी, असे ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने २००३ मध्येच स्पष्ट लिहिले आणि २०११ मध्ये पुन्हा लिहिले. तरी आपल्या लेटरहेडवरून ती गेलेली नाही. एखादे आय.जी.एम. किंचित वाढलेले निघते, त्यावर महिनोन्‌महिने औषधे चालतात, क्वचित चांगला गर्भ पाडलाही जातो. माझ्याकडे अशा स्त्रिया दुसरे मत घेण्यासाठी आलेल्या आहेत. त्यांच्या हातातील कागदांचा गठ्ठा पाहून मला संताप येतो, आणि मग आठवते की असेच गठ्ठे एके काळी मीही तयार केले आहेत.

गंमत अशी की या भल्यामोठ्या यादीत पार्व्हो बहुधा नसतोच. म्हणजे ज्या संसर्गात वेळेवर निदान झाले तर गर्भ अक्षरशः वाचविता येतो, तोच आपण तपासत नाही, आणि ज्यांत निदान होऊनही पुष्कळदा करण्यासारखे थोडेच असते ते सरसकट तपासतो. मग या पॅकेजमध्ये पार्व्होचीही भर घालावी, असे मी सुचवीत आहे का? मुळीच नाही. सर्वांची सरसकट तपासणी करा, असे कोणताही जबाबदार मार्गदर्शक सांगत नाही. मी सुचवीत आहे तो एक प्रश्न आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत: "गेल्या महिन्याभरात घरात, शेजारी किंवा शाळेत कोणा मुलाला ताप येऊन पुरळ उठले होते का? तुमचे सांधे दुखले होते का?"

उत्तर 'होय' आले तर आईचे रक्त आय.जी.जी. आणि आय.जी.एम. या दोन्हींसाठी पाठवावे. आय.जी.जी. आहे आणि आय.जी.एम. नाही, तर संसर्ग पूर्वीच होऊन गेलेला आहे. त्या स्त्रीला निर्धास्त घरी पाठवावे. दोन्ही नाहीत, तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे. आय.जी.एम. आहे, तर घाबरून न जाता सोनोग्राफीचे वेळापत्रक आखावे, आठवड्याला किंवा फार तर पंधरवड्याला एक, संपर्कानंतर सुमारे बारा आठवड्यांपर्यंत. एक खबरदारी मात्र हवी. हायड्रॉप्स दिसेपर्यंत आईचे आय.जी.एम. कधी कधी ओसरलेले असते. अशा वेळी केवळ तेवढ्यावर 'पार्व्हो नाही' असे लिहून मोकळे होऊ नये, गर्भजलाची पी.सी.आर. तपासणी करता येते.

सोनोग्राफीत पाणी साठण्याची वाट पाहण्याचेही आता कारण उरलेले नाही. जानेवारी २००० मध्ये जियानकार्लो मारी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की गर्भाच्या मेंदूतील मधल्या धमनीत रक्ताचा वेग डॉप्लरने मोजला तर रक्तक्षयाचा अंदाज सुई न टोचता घेता येतो. पातळ ताक दह्यापेक्षा भरभर वाहावे, तसे हे आहे. त्या वयाच्या सर्वसाधारण वेगाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक वेग आला की गर्भवैद्यक तज्ज्ञाला फोन करावयाचा. ते संशोधन आर.एच.च्या प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या रक्तक्षयावरचे होते, पण पार्व्होतही हीच मोजणी वापरली जाते. आपल्या गावातील कित्येक सोनोग्राफी तज्ज्ञ ती सहज करू शकतात. त्यांना कोणी ती करा असे लिहून देत नाही, एवढेच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी बालरोग विभागात निवासी डॉक्टर असलेली एक तरुणी सतराव्या आठवड्यात माझ्याकडे आली. वॉर्डात बडवानीकडची दोन सख्खी भावंडे एकाच आठवड्यात दाखल झाली होती. दोघांनाही सिकल सेल, दोघांचेही हिमोग्लोबिन तीनच्या आसपास आणि नव्या तांबड्या पेशी जवळजवळ शून्य. तिनेच त्यांच्या शिरा शोधल्या, रात्रभर रक्त चढविले. दोन भावंडांना एकाच वेळी असे होणे, ही पार्व्होची जणू सहीच. पुरळ आलेले मूल सहसा संसर्ग देत नाही, कारण पुरळ उठते तोवर विषाणूचा भर ओसरलेला असतो. रक्त बनणे थांबलेले सिकल सेलचे मूल मात्र त्या वेळी विषाणूने ओतप्रोत भरलेले असते. अशा मुलाला सात दिवस निराळे ठेवावे आणि गर्भवती परिचारिकेला किंवा डॉक्टरला त्याच्याजवळ पाठवू नये, हा नियम आहे. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी, खरगोन येथून ज्या गावात सिकल सेलची मुले येतात तेथे तो वॉर्डाच्या दारावर लिहिलेला असावयास हवा. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यातून अशा मुलांची नोंद वाढेल, ती रुग्णालयांत अधिक संख्येने येतील, हे चांगलेच आहे. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या मुलींचाही विचार त्याबरोबर व्हावा.

त्या तरुणीचे आय.जी.एम. पॉझिटिव्ह आले. दर आठवड्याला डॉप्लर करीत गेलो. तीन आठवडे सारे ठीक होते, आणि मला वाटू लागले होते की सुटलो. पुढच्या आठवड्यात वेग दीडपटीच्या वर गेला आणि पोटात पाण्याची एक बारीक रेघ दिसली. त्याच संध्याकाळी ती आणि तिचा नवरा अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला निघाले. दुसऱ्या दिवशी तेथील तज्ज्ञांनी नाळेच्या शिरेतून गर्भाचे रक्त काढले. हिमोग्लोबिन जेमतेम चार, त्या वयात ते अकराच्या आसपास हवे. प्लेटलेटही कमी होत्या. या संसर्गात त्या कमी असू शकतात, म्हणून जाणकार लोक रक्ताबरोबर त्याही तयार ठेवतात. ओ निगेटिव्ह गटाचे दाट केलेले रक्त, मोजून पंचवीस मिलिलिटरच्या आसपास, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत त्या शिरेत हळूहळू सोडले गेले. एकदाच. पार्व्होत बहुधा एक वेळ पुरते, कारण तेवढ्या अवधीत विषाणू ओसरून गर्भाचा स्वतःचा कारखाना पुन्हा सुरू होतो. अडतिसाव्या आठवड्यात माझ्याच प्रसूतिगृहात मुलगी झाली. तेव्हा मी तिच्या हृदयाचे ठोके गरजेपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिलो, असे सिस्टर नंतर सांगत होत्या.

गर्भाला रक्त देण्याची कल्पना न्यूझीलंडच्या विल्यम लायली यांची, १९६३ मधील. त्यांनी ते गर्भाच्या पोटात सोडले होते. १९८३ मध्ये पॅरिसच्या फेर्नांद दाफो यांनी सोनोग्राफीच्या आधाराने नाळेच्या शिरेपर्यंत सुई नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे १९९६ च्या जानेवारीत, जेव्हा मी टॉर्चच्या अहवालाची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा हे सारे जगात अस्तित्वात होते. बाईंचे बाळ वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. पण चार आठवडे आधी आपण कशाची वाट पाहत आहोत, हे निदान मला ठाऊक असते.

येथे आणखी एका चुकीचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण ती याच्या अगदी उलट टोकाची आहे. आय.जी.एम. पॉझिटिव्ह आल्याबरोबर "बाळात व्यंग राहील, पाडून टाका" असा सल्ला दिला जातो. हा सल्ला चुकीचा आहे. पार्व्हो म्हणजे रुबेला नव्हे. वर सांगितलेल्या १९९० च्या पाहणीत गर्भापर्यंत संसर्ग पोहोचण्याचे प्रमाण ३३ टक्के आणि त्यामुळे गर्भ दगावण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. पाचांपैकी चारांहून अधिक स्त्रियांना चांगली बाळे झाली. १९९८ मध्ये त्याच देशातून चारशेहून अधिक गर्भवतींचा अभ्यास आला. त्यात धोका मुख्यतः पहिल्या वीस आठवड्यांतील संसर्गाचा, हायड्रॉप्सचे प्रमाण नऊ ते वीस आठवड्यांतील संसर्गात सुमारे ३ टक्के, आणि या विषाणूमुळे जन्मजात व्यंग झाल्याचे आढळले नाही. पुढे मोठी झालेली मुलेही त्यांनी पाहिली. गर्भावस्थेत तीव्र हायड्रॉप्स होऊन वाचलेल्या काही मुलांचा विकास मंदावतो, असे नंतरच्या काही अभ्यासांत दिसले आहे आणि पालकांना तेही प्रांजळपणे सांगावयास हवे. तथापि केवळ रक्तातील एका अहवालावरून गर्भपात सुचविणे, याला शास्त्राचा आधार नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने विशिष्ट स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली, ती अगतिक स्त्रियांसाठी. आपल्या अज्ञानाला सवड मिळावी म्हणून नव्हे.

वाचकांपैकी जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी थोडे. शालिनीताई मोघे यांच्या बालनिकेतन संघापासून इंदुरात बालशिक्षणाची जी परंपरा उभी राहिली, तिच्यामुळे आपल्या समाजात शोधले तर बालवाडीत किंवा प्राथमिक शाळेत शिकविणारी एखादी 'बाई' घरोघर सापडेल. लहान मुलांच्या सतत सहवासात असणाऱ्या या स्त्रियांना हा संसर्ग होण्याचा संभव अधिक, हे खरे. म्हणून दिवस राहिल्याबरोबर सुनेने नोकरी सोडावी का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. मूल संसर्ग देते ते पुरळ उठण्याच्या आधी, तेव्हा पुरळ पाहून रजा घेण्यास उशीर झालेला असतो. शिवाय शाळेपेक्षा घरातील स्वतःच्या मुलाकडून संसर्ग होण्याची शक्यता अधिक, आणि आई त्याच्यापासून रजा कशी घेणार? पुष्कळ प्रौढांना हा रोग लहानपणी होऊन गेलेला असतो आणि त्यांना तो पुन्हा सहसा होत नाही. हात वारंवार धुवावेत, मुलांच्या उष्ट्या पेल्यातून पाणी पिऊ नये, आणि वर्गात कोणाला पुरळ उठल्याचे कळले तर ते डॉक्टरांना सांगावे, मग डॉक्टरांनी विचारलेले असो वा नसो. शाळांनीही अशा वेळी सूचनाफलकावर दोन ओळी लावाव्यात. उवा झाल्या तर चिठ्ठ्या घरी येतात, मग यासाठी का येऊ नयेत?

२०२४ मध्ये हा प्रश्न केवळ माझ्या जुन्या अपराधी भावनेचा राहिला नाही. त्या वर्षी जूनमध्ये युरोपच्या रोगनियंत्रण केंद्राने चौदा देशांत हा संसर्ग वाढल्याचे कळविले. १३ ऑगस्ट रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने डॉक्टरांना इशारा दिला: ताज्या संसर्गाची खूण असलेल्यांचे प्रमाण जूनमध्ये १० टक्क्यांवर गेले होते, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत तर ४० टक्क्यांवर. कोविडच्या काळात मुले घरात राहिली, पार्व्होची साथ आलीच नाही, आणि मग ती एकदम आली, असे तेथील तज्ज्ञ मानतात. आपल्याकडची मुलेही त्या काळात घरातच होती.

बाईंना मी त्या दिवशी हे सर्व सोप्या शब्दांत सांगितले. हेही सांगितले की तेव्हाचे रक्त जपून ठेवलेले नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. पण सुजलेली मनगटे, मुलाचे गाल, वर्गातील पुरळ आणि महिन्याने दिसलेले ते पाणी, हे सारे एकाच दिशेने बोट दाखविते. ग्रहणाचा त्यात संबंध नव्हता, सुरीचा नव्हता आणि तुमचा तर नव्हताच. चूक झाली असेल तर ती ऐकूनही न ऐकणाऱ्याची. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सासूबाई गेल्या त्याला दहा वर्षे झाली. शेवटपर्यंत प्रत्येक ग्रहणाला मला आतल्या खोलीत बसवीत असत. मी बसत असे." एवढे बोलून त्या उठल्या आणि सुनेला घेऊन गेल्या. सुनेला त्यांनी बाहेर काय सांगितले, ते मला ठाऊक नाही.

माझ्या केसपेपरवर आता नाव, वय आणि शेवटच्या पाळीची तारीख यांच्या खाली एक ओळ छापलेली असते, पुरळ आणि सांधेदुखीबद्दलची. मी विसरलो तर सिस्टर विचारतात. आपल्या मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत मी दोन सूचना मांडणार आहे. मंडळाच्या सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ सभासदांनी ही ओळ आपल्या केसपेपरवर घ्यावी, आणि छापील टॉर्च पॅकेजचा चौकोन त्यावरून काढून टाकावा. पहिलीला कोणी विरोध करील असे वाटत नाही. दुसरीला कोण विरोध करणार, हेही मला ठाऊक आहे. ते माझे जुने मित्र आहेत आणि हा लेख ते सभेपूर्वी वाचतीलच.